जगरा पेटवण्याआधी

उन्हाळ्यात शेतात रोडगे करायचे असतील, तर गोवऱ्यांचा जगरा पेटवण्याआधी त्यात सगळ्या बाजूंनी हलक्या हाताने काठी घालून पाहावी. कुत्री बांधावीत. घरची मांजर व्यालेली असेल, तर तिची पिल्लं अमक्या जागी आहेत असं कोणी सांगितलं म्हणून खरं धरू नये, स्वतः जाऊन पाहावं. पुढे मी मास्तर झालो आणि परीक्षा संपली की मुलांना रोडग्यांना शेतात नेऊ लागलो, तेव्हा हे नियम मी आधी सांगत असे. मुलं एकमेकांकडे पाहून हसत. बी.ए. झालेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं याहून मोठं काहीतरी असेल, अशी त्यांची समजूत होती. हे नियम माझ्या बी.ए.मुळेच निघाले, हे त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठं शिक्षण म्हणजे नागपूर. आमचं गाव वडनेर भोलजीच्या अलीकडे. गावात मॅट्रिक झालेले दोघे होते, बी.ए. कोणीच नव्हतं. मी नागपूरच्या गाडीत बसलो त्या दिवशी मायनं शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मारुतीला नवस बोलला, की पोरगं बी.ए. झालं तर तुझ्यापुढे गावाला रोडगे घालीन. मधे एक वर्ष मी नापास झालो. मायनं मला बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "मारोतीले घाई नसन."

पुढच्या वर्षी पास झालो आणि ज्येष्ठातला एक शनिवार ठरला.

आमच्याकडे रोडगे हे पुरुषांचं काम आहे. जाड दळलेल्या कणकेच्या पोळीत पोळी घालून गोळा वळायचा. गोवऱ्यांची रास रचून पेटवायची, तिलाच जगरा म्हणतात. ती जळून निखारा झाला की गोळे त्यात भाजायचे, मग राखेत पुरायचे. मारुती ब्रह्मचारी, म्हणून नवसाच्या जगऱ्याजवळ बाईनं यायचं नाही. बाईनं नवस बोलायचा, दळण दळायचं, गोवऱ्या थापायच्या, आणि मग निंबाखाली बसून पाहायचं. मायचं याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तिला काळजी होती ती मांजरीची.

उन्हाळाभर आम्ही मळ्यातच राहत असू. आमचा भाजीपाल्याचा मळा. कांद्याचं, भोपळ्याचं, दोडक्याचं बी आम्ही घरीच धरायचो आणि बाजारात विकायचो. हे बी खोपीत मडक्यांत भरून ठेवलेलं असे. उंदरांना ती मडकी पाठ होती. ही मांजर आली त्या वर्षापासून मडकी भरलेली राहू लागली, आणि त्याच सुमाराला मी नागपूरला गेलो. मायच्या मनात या दोन गोष्टी जोडलेल्या होत्या. बी राहिलं म्हणून पोरगं शिकलं आणि मांजरीनं राखलं म्हणून बी राहिलं. माझ्या शिक्षणात माझा, बाबांचा, मारुतीचा आणि मांजरीचा वाटा आहे, असं ती पाहुण्यांना सांगत असे. क्रम कधीकधी बदले.

तर त्या ज्येष्ठात मांजरीला चार पिल्लं झाली होती, डोळे मिटलेली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. पहिलं घर बाजेखाली होतं. दुसरं पडलेल्या मोटेत. तिसरं खोपीमागच्या गोवऱ्यांच्या राशीत, तळाला, मागच्या कोपऱ्यात. जगऱ्याच्या गोवऱ्याही त्याच राशीतून घ्यायच्या होत्या. मायनं त्या नवसाच्या म्हणून वेगळ्या थापलेल्या होत्या.

शनिवारी सकाळी मायनं बाबांना राशीपाशी नेऊन पिल्लं दाखवली.

"हे पाह्यलं का? इकडचा कोपरा तसाच राहू द्या. पुढच्या पुढच्या काढा."

"हाव," बाबा म्हणाले. बाबा कमी बोलत.

बाबांनी आणि मी पुढच्या बाजूनं गोवऱ्या काढल्या, बैलगाडीच्या वाटेजवळ मोकळ्या जागी नेऊन जगरा रचला. हवा खेळावी म्हणून तळाशी गोवऱ्या उभ्या लावायच्या, मधे पोकळी ठेवायची. बाबांचा हात या कामात चांगला होता. सुरेख पोकळी राहिली. मागच्या कोपऱ्यातल्या एकाही गोवरीला आम्ही हात लावला नाही. मग आम्ही आंघोळीला विहिरीवर गेलो.

माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे वडील भाऊ, ऊन चढल्यावर गाडी जुंपून आले. घरातलं कोणतंही कार्य त्यांच्या हातून व्हायचं. रीत त्यांना सगळी ठाऊक होती. त्यांना ऐकू कमी येत असे. लोक हळू बोलतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी तांब्यातून जगऱ्याभोवती पाण्याची धार धरली. ही धार पडली की जगऱ्यातली गोवरी माणसाच्या हातानं हलवायची नाही. मग ते वळून बाबांना म्हणाले,

"मांजर कुठी हाय?"

"असन अठीच."

"झाकून ठेव तिले. मी मारोतीपासून इस्तव घेऊन येईन आणि ती आडवी जाईन. मंग मले नको सांगू."

माय निंबाखाली पदर ओढून बसली होती. मोठे बाबा तिचे जेठ, त्यामुळे ती त्यांच्याशी बोलत नसे. दोघांमध्ये पाच-सात हातांचं अंतर असलं तरी बोलणं माझ्यामार्फत होई. ती मला म्हणाली,

"तुह्या मोठ्या बाबाले सांग, तिची पिल्लं लहान हायेत. पाजाले जा लागते तिले."

मी त्यांच्याकडे वळून तेच मोठ्यानं सांगितलं.

"तुह्या मायले सांग," मोठे बाबा म्हणाले, "घडीभर नाई पाजलं तं पिल्लू मरत नाई. मांजर आडवी गेली तं नवस फुकट जाते."

मी ते मायला सांगितलं. तिनं ते आधीच ऐकलं होतं, तरी माझं सांगून होईपर्यंत ती थांबली. तेवढ्यात गावातून पहिली मंडळी आली आणि त्यांच्या मागून त्यांची कुत्री. ती पाहून माय म्हणाली, "बरं, झाक. कुत्र्यापासून तरी वाचन." म्हणजे मांजर झाकावी यावर सगळ्यांचं एकमत झालं. कारणं वेगळी होती.

मी मांजरीला उचललं. ती तेव्हा खोपीच्या दाराशी धापा टाकत होती. उन्हामुळे असेल, असं वाटलं. कोंबड्या झाकायचं डालगं तिच्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. हाताला तीन ओरखडे आले. मग मला एक काठी देण्यात आली आणि कुत्र्यांवर लक्ष ठेवायला सांगण्यात आलं. धार पडल्यावर, ज्याच्यासाठी नवस होता त्याला जगऱ्याचं काम द्यायचं नाही, अशी रीत होती. बी.ए. झाल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं काम.

मांजर ओरडू लागली. ती साधं ओरडत नव्हती. शेजारच्या मळ्यातले काका वांगी चिरत बसले होते, त्यांनी सुरी थांबवली.

"काऊन हो, बी.ए. साहेब, काय म्हनून राह्यली ती?"

"सोडा म्हणते," मी म्हणालो.

"मंग समजावून सांगा ना तिले इंग्रजीत. मराठी तं तिले समजून नाई राह्यली."

मंडळी हसली. मोठे बाबाही हसले. त्यांना काय ऐकू आलं, ठाऊक नाही. मग ते दोघा-तिघांना घेऊन मारुतीकडे गेले. तिथल्या दिव्यावर एक गोवरी पेटवायची, खापरात घालून पायी आणायची आणि तिनं जगरा पेटवायचा. वाटेत खापर खाली ठेवायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही.

मांजर ओरडतच होती. माय थोडा वेळ ऐकत राहिली आणि उठली. खोपीमागे गेली. परत आली ती भरभर.

"कोपरा रिकामा हाय," ती बाबांना म्हणाली.

"कोनता?"

"पिल्लायचा. एकबी नाई तठी."

बाबा राशीकडे गेले, वाकले, परत आले. कोपरा रिकामा होता. मग आम्ही बाजेखाली पाहिलं, मोटेत पाहिलं. आम्ही सकाळी पुढच्या गोवऱ्या काढल्या तेव्हा मांजरीला तिचं घर मोडतंय असं वाटलं असणार. आम्ही विहिरीवर होतो तेवढ्या वेळात तिनं बिऱ्हाड हलवलं होतं. हलवून दमली म्हणून ती दाराशी धापा टाकत होती.

माय हलली नाही. ती जगऱ्याकडे पाहत होती. तिथून जवळ जायची तिला मुभा नव्हती. "ऐका," ती म्हणाली.

बाबांनी ऐकलं. मीही ऐकलं. जगऱ्याच्या पोटातून अगदी बारीक आवाज येत होता. त्याच गोवऱ्या, तोच वास, आणि मधे बाबांनी ठेवलेली सुरेख पोकळी. मांजरीला चौथं घर पसंत पडलं होतं.

बाबा दोन पावलं पुढे झाले आणि पाण्याच्या धारेपाशी थांबले. धार वाळून गेली होती, तरी ती कुठे होती हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच वेळी वाटेच्या टोकाला मोठे बाबा दिसले. दोन्ही हातांना धोतराचा सोगा गुंडाळलेला, त्यावर खापर, खापरातून धूर.

"दादा, थांबा," बाबा ओरडले. "जगऱ्यात पिल्लं हायेत."

"काय हायेत?"

"पिल्लं! मांजरीची!"

"मांजर झाकली ना?"

"मांजर झाकली. पिल्लं जगऱ्यात हायेत."

मोठे बाबा चालता चालता ऐकत होते. ते म्हणाले, "मले तं काई आवाज येत नाई."

मंडळीत बोलणं सुरू झालं. एक म्हणाला, धार मोडा, पुन्हा रचा. दुसरा म्हणाला, धार मोडली की नवस मोडला, मग पुढच्या वर्षी करा. तिसऱ्यानं विचारलं, पुढच्या वर्षापर्यंत बी.ए. टिकतं का. यावर माझ्याकडे पाहण्यात आलं. टिकतं, असं मी सांगितलं. कोणाला फारसं पटलेलं दिसलं नाही. आणखी एकानं आठवण दिली, की आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं. पिल्लाला केवढं लागेल, हे त्याला माहीत नव्हतं.

"पिल्लं चार हायेत," शेजारचे काका म्हणाले. त्यांनी सुरी खाली ठेवली होती. ते थट्टा करत नव्हते.

मायचा चेहरा मला आजही आठवतो. एका बाजूला तिचा नवस होता. माझ्यासाठी बोललेला, इतकी वर्षं मनात धरलेला, आणि तो मोडला तर त्याचं फळ माझ्याच अंगावर येणार, अशी तिची खात्री होती. दुसऱ्या बाजूला ती चार पिल्लं. मोठे बाबा चालत होते, मधे वीसेक पावलं राहिली असतील. ते थांबणारे नव्हते. खापर तापत होतं.

"तुह्या मोठ्या बाबाले ईचार," माय मला म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मानसाचा हात लावाचा नाई ना जगऱ्याले?"

मी विचारलं.

"नाई!" मोठे बाबा म्हणाले.

"मांजरीचा लागला तं?"

मी तेही विचारलं. मोठे बाबा पहिल्यांदा थोडे घोटाळले. याबद्दल रीत नव्हती.

त्यांचं उत्तर यायच्या आत माय डालग्याजवळ गेली. दगड ढकलला, डालगं उलटं केलं.

मांजर सुटली ती सरळ. खोपी एका बाजूला, जगरा दुसऱ्या बाजूला, आणि मधून वाट. ती मोठ्या बाबांच्या पायांपुढून आडवी गेली आणि जगऱ्यात शिरली.

मोठे बाबा जागच्या जागी थांबले. मांजर आडवी गेली की दुसरं कोणी वाट ओलांडून पुढे जाईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. जो आधी ओलांडेल, अपशकुन त्याचा. त्यांनी मंडळीकडे पाहिलं. मंडळीनं वांग्यांकडे पाहिलं.

थोड्या वेळानं मांजर बाहेर आली. तोंडात एक पिल्लू, मानगूट धरलेलं. ती परत वाट ओलांडून खोपीत गेली. मग पुन्हा आली, वाट ओलांडून जगऱ्यात गेली. घाई नाही, इकडेतिकडे पाहणं नाही. दर पिल्लामागे ती मोठ्या बाबांना दोनदा आडवी जात होती.

"दादा, मागं सरकून घ्या," बाबा म्हणाले.

"मागं सरकाची रीत नाई!" मोठे बाबा म्हणाले. खापराचे चटके बसू लागले होते. ते खापर एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. काका उठले, एक गोवरीचा तुकडा लांबूनच त्या खापरात टाकला, म्हणजे विस्तव विझू नये, आणि परत येऊन बसले.

एका काळ्या कुत्र्यानं मांजरीकडे पाहून अंग सावरलं. मी काठी घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. इतकं लक्ष मी कोणत्याही परीक्षेत दिलं नव्हतं.

"दोन झाले," काका मोजत होते. "हे तिसरं. मोठं ढब्बू हाय हे."

"बस झाले का?" मोठे बाबा ओरडले.

"एक हाय अजून, दादा."

चौथ्याला वेळ लागला. ते आत घसरलं असावं. जगऱ्यातून एक गोवरी आपोआप कलली आणि खाली पडली. माणसाचा हात लागला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं. मग मांजर बाहेर आली, अंगभर शेणाचा भुगा, तोंडात चौथं. ती वाट ओलांडून खोपीत गेली आणि परत आली नाही.

आता वाट मोकळी होती. मोठे बाबा हलू शकत नव्हते, कारण पुढे कोणी जात नव्हतं. सगळ्यांनी मांजर आठ वेळा आडवी जाताना पाहिली होती. एक वेळ असती तर कोणी विचार केला असता.

मी काठी खाली ठेवली. मला वाटलं, आपण जावं. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग तिनं पदर नीट ओढला आणि ती चालू लागली. मोठ्या बाबांच्या समोरून, हातभर अंतरावरून, वाटेच्या या बाजूनं त्या बाजूला गेली. जगऱ्याला तिनं हात लावला नाही. पलीकडे जाऊन ती उभी राहिली आणि पहिल्यांदा, मला मधे न घेता, जमिनीकडे पाहत म्हणाली,

"आता या. जे व्हायचं ते मले होईन. पोराचा नवस तेवढा करा."

मोठ्या बाबांनी खापर सावरलं. त्यांना ऐकू आलं होतं. ते पुढे आले, वाकले आणि त्यांनी जगरा पेटवला.

रोडगे चांगले झाले. फोडून त्यावर तूप घातलं, वांग्याची भाजी आणि वरण पळसाच्या पानांवर वाढलं. पंगत उठेपर्यंत ऊन उतरलं होतं. मोठ्या बाबांच्या तळहातांना फोड आले होते, त्यावर लावायला मायनं कोरफडीचा गर काढून पाठवला. माझ्या हाती. त्यांनी तो लावला आणि मला सांगितलं, "तुह्या मायले सांग, थंड वाटते."

त्या वर्षी पहिल्याच पावसात मायला विंचू चावला. मोठे बाबा भेटायला आले, दाराशी बसून म्हणाले, "तिले सांग, म्यां सांगतलं होतं." मायनं मला सांगायला सांगितलं, की विंचू चावला तो मले चावला, पोराले तं नाई ना. तेही मी सांगितलं.

राहता राहिली पिल्लं. त्या दिवशी पंगतीनंतर आम्ही ती खोपीभर शोधली. माझी नागपूरची टिनाची पेटी कपड्यांना हवा लागावी म्हणून उघडी ठेवली होती. मांजर त्यात होती, माझ्या कोटावर, चारही पिल्लांना घेऊन. मी कोट ओढायला गेलो.

"राहू दे," माय म्हणाली. "तिचाबी वाटा हाय."

थोड्या दिवसांनी मला जळगाव जामोदला मास्तराची जागा मिळाली. निघायच्या दिवशी मी पेटी मागितली. मायनं उघड्या झाकणाखाली वाकून आत पाहिलं आणि पेटी तशीच राहू दिली. मग तिनं माझे उरलेले दोन सदरे आणि धोतरं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिली. आमच्या गावचा पहिला बी.ए. असा बोचकं काखेत धरून नोकरीवर रुजू झाला.

तिथल्या हेडमास्तरांनी बोचक्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, सामान मागून येतंय का.

मी म्हणालो, येईल, पिल्लं निघाली की.